हलक्या पार्टचा भारी भाव

कारचा कुठलाही पार्ट गास्केटताईंच्या तळहातावर ठेवावा आणि गंमत बघत उभं राहावं. आधी तो हात जरा वर-खाली व्हायचा, बाजारात कोबीचा गड्डा जोखतात तसा. मग एक डोळा बारीक व्हायचा आणि ताई किंमत सांगून मोकळ्या व्हायच्या. शेजारी बसलेले मालक कॉम्प्युटरमध्ये नाव टाकून भाव शोधेपर्यंत गिऱ्हाईक पैसे देऊन पायरी उतरलेलं असायचं. आणि मालकांच्या पडद्यावर शेवटी जो आकडा उगवायचा, तो ताईंच्या आकड्यापासून एखाद्या चहाच्या फरकानं इकडे-तिकडे. वर्षानुवर्षं एकाच काउंटरवर उभं राहिलं की होतं असं, त्यात काय मोठंसं, असं त्या म्हणायच्या. पण म्हणताना मान जराशी ताठ व्हायची, हेही खरं.

गास्केटताई हे नाव त्यांना कौतुकानं पडलेलं नव्हतं. नोकरीला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवरची सगळी गास्केटं, म्हणजे इंजिनाच्या सांध्यात घालायच्या त्या पातळ चकत्या, धूळ पुसायला खाली काढल्या आणि दिसायला सारख्याच म्हणून सगळ्या एका खिळ्याला नीट टांगून ठेवल्या. त्या पुन्हा वेगळ्या करण्यात दुकानाचा अख्खा दिवस गेला. मालकांनी डोक्याला हात लावला, गल्लीनं नाव ठेवलं, आणि ताईंनी त्या दिवशी कानाला खडा लावला की या दुकानातली एकही वस्तू आपल्याला अनोळखी राहता कामा नये. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

गल्ली स्पेअर पार्टची होती. एका बाजूला कारवाले, समोर मोटरसायकलवाले, आणि मध्ये एवढाच रस्ता की इकडची शिवी तिकडे आणि तिकडचा चहा इकडे सहज पोचावा. या गल्लीची एक रीत होती. काउंटरवर काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही काउंटरवर खरेदीच्या भावात माल मिळायचा, पण तुटलेला पार्ट आधी काउंटरवर ठेवायचा. जुना दाखवला नाही तर नवा नाही. नुसतं 'आमच्याकडे लागतोय हो' असं म्हणून स्वस्तात माल नेणारे आणि पुढे विकणारे दोन-चार महाभाग पूर्वी होऊन गेले होते, त्यांची ही कृपा. त्यामुळे या गल्लीत काम करणाऱ्यांच्या घरी जुने पार्ट फेकत नाहीत. ताईंच्या घरी ते गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात पडायचे.

ताईंचे यजमान म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, मोटर ड्रायव्हिंग स्कूलमधले. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांच्या शिकवायच्या कारला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या पायाशी, आणि मास्तरांचा जगावरचा विश्वास या दुसऱ्या ब्रेकवर उभा होता. घरातली कारही तेच चालवायचे. सबंध आयुष्य कारचे पार्ट विकणाऱ्या बाईला कार चालवता येत नाही म्हणून लोक हसायचे. कारण साधं होतं. लग्न झाल्यावर लगेचच एकदा मास्तरांनी त्यांना शिकवायला घेतलं होतं, आणि पहिल्याच चौकात ताई दार उघडून खाली उतरून चालत घरी आल्या होत्या. पुढे त्या शेजारच्या सीटवर बसायच्या आणि गाव संपायच्या आत झोपायच्या.

ही घरची कार म्हातारी झाली होती. इंजिन चालायचं, पण तळाचा पत्रा गंजून इतका झिजला होता की लेकीच्या पायाखालून रस्ता दिसायचा. लेक तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, स्वभावानं काटेकोर. ती म्हणाली, "बाबा, यापुढे आपल्याला पायानंच ढकलत न्यावी लागेल." कार भंगारात गेली. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, चहा पिताना मास्तरांनी जाहीर केलं की आता एखादी लहानशी जुनी कार बघू या.

"मोटरसायकल घेऊ या," ताई म्हणाल्या.

"आणि चालवणार कोण? मी दोन चाकांवर बसत नाही, तुला ठाऊक आहे."

"मी चालवणार."

मास्तरांनी कप खाली ठेवला. ताईंनी पर्स उघडून लायसन्स टेबलावर ठेवलं. ते काढून महिने झाले होते. लेकीनं आईला भाजीच्या गोदामामागच्या रिकाम्या मैदानात मैत्रिणीच्या गाडीवर शिकवलं होतं, आणि घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. परीक्षा घेणारे साहेब तर मास्तरांचेच जुने विद्यार्थी. ताईंनी त्यांना गप्प राहायची शपथ घातली होती, आणि त्यांनीही ती पाळली होती. मास्तरांनी लायसन्स उलटं केलं, सुलटं केलं, फोटो पाहिला. स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोनं दुसऱ्याकडून शिकून यावं, याहून मोठा घाव ड्रायव्हिंग मास्तरला कुठला!

मग त्यांनी खर्चाचा मुद्दा काढला. हरणारा माणूस नेहमी खर्चावर येतो. पण खर्च म्हटल्यावर ताईंना हवं तेच मैदान मिळालं. त्या उठल्या, डब्यातून कारचा झिजलेला ब्रेक पॅड आणला, आणि पिशवीतून दुसरा एक काढला, मोटरसायकलचा, समोरच्या दुकानातून नमुन्याला मागून आणलेला. एक या हातात, एक त्या हातात.

"बघा. हा त्याच्या पाव वजनाचा. म्हणजे किंमतही पाव. असंच सगळं. चाकं दोन, टायर दोन, पत्रा नाहीच. मोटरसायकलच्या वर्षभराच्या पार्टमध्ये कारचा एक महिनाही निघायचा नाही."

आता ही चूक पाहा. जन्मभर कारचे पार्ट जोखलेला माणूसच ती करू शकतो. दुसऱ्या कुणीही समोर जाऊन भाव विचारला असता. ताईंना विचारायची गरजच वाटली नाही, कारण हात सांगत होता, आणि हात कधी खोटं बोलला नव्हता.

"असं म्हणतेस?" मास्तर म्हणाले. "मग एक वर्ष. कारला शेवटच्या वर्षी पार्टवर जेवढे पैसे गेले, त्याहून तुझ्या मोटरसायकलला जास्त गेले तर ती विकायची आणि कार घ्यायची. पेट्रोल धरायचं नाही. फक्त पार्ट."

"कबूल."

"मी पंच," लेक म्हणाली.

आणि ताईंनी साधीसुधी, ऑफिसला जाण्याजोगी बाईक घेतली असती तर त्या जिंकल्याही असत्या, कारण तिचे पार्ट खरोखरच मातीमोल मिळतात. पण प्रेमात पडलेल्या माणसाला साधंसुधं कुठं दिसतं? ताईंचं मन बसलं होतं ते एका लाल, भारदस्त, दोन सिलिंडरच्या मोटरसायकलवर. जुनीच होती, पण चालू केली की असा दमदार आवाज यायचा की ताईंच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला पोटात गुदगुल्या व्हायचे प्रसंग फार येत नाहीत. त्यांनी ती घेतली.

पहिल्या दिवशी ती गल्लीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंची दुकानं रस्त्यावर आली. समोरच्या दुकानातला चेनभाऊ म्हणजे मोटरसायकलच्या पार्टांचा उभा बाजार. गळ्यात सोन्याची चेन आणि हातात कायम सायकलीची नाहीतर मोटरसायकलची, म्हणून चेनभाऊ. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तो नुसताच हसला.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही ताई. येत जा आता. इतकी वर्षं समोर राहून कधी गिऱ्हाईक म्हणून आला नाहीत."

पहिल्यांदा त्या गेल्या ते पुढचे ब्रेक पॅड संपले तेव्हा. रीतीप्रमाणे जुना पॅड काउंटरवर ठेवला, उचलला, हात वर-खाली केला, डोळा बारीक केला आणि किंमत सांगितली. चेनभाऊ खो-खो हसत स्टुलावर बसला. मग त्यानं खरी किंमत सांगितली, तीही खरेदीची. कारच्या पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड घेऊन वर चहा-बिस्कीट झालं असतं.

"अरे, पण वजन बघ की रे याचं!" ताई कळवळून म्हणाल्या.

"ताई, तुमच्या कारचा पॅड दहा कंपन्या बनवतात, आणि एकच पॅड पाच मॉडेलांना बसतो. शहरात त्या कार किती आणि असल्या गाड्या किती? या गाडीचा पार्ट एकटी कंपनी बनवणार, थोडेच बनवणार, आणि मागेल तो भाव घेणार. इथं वजन नाही चालत."

त्या दिवशी ताईंनी परत येऊन आपल्या दुकानात तीन पार्ट हातात घेऊन पाहिले. तिन्हीच्या किमती बरोबर निघाल्या, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. म्हणजे हात बिघडला नव्हता. फक्त रस्त्याच्या पलीकडे चालत नव्हता.

आणि मग सुरू झाला तो गमतीचा काळ. कारण खर्चाचं काहीही होवो, ताईंना त्या वर्षात जेवढी मजा आली तेवढी आधीच्या दहा वर्षांत मिळून आली नव्हती. सकाळी कामावर जाताना त्या मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायच्या. सिग्नलला शेजारी थांबलेली शाळेची मुलं हात हलवायची आणि ताई हेल्मेटमधून त्यांना डोळा मारायच्या, जो कुणाला दिसायचा नाही. कारमध्ये बसताच मिटणारे डोळे आता टक्क उघडे असायचे. हे शहर आपण आजवर झोपेत पाहत होतो, असं त्या चेनभाऊला म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरं होतं.

मास्तर सुरुवातीला बसायला तयार नव्हते. मग एका रविवारी तळ्याकाठी जायचं ठरलं आणि बस चुकली. मास्तर हेल्मेट घालून मागे बसले आणि त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. वळण आलं की डाव्या खांद्यावर टकटक. इंडिकेटर विसरला की उजव्या खांद्यावर टकटक. पुढे ट्रक दिसला की उजवा पाय फूटरेस्टवर असा जोरात दाबला जायचा की गाडी हलायची, पण तिथं दुसरा ब्रेक कुठून येणार!

"अहो, पाय आवरा! रबर झिजेल, त्याचीही किंमत ऐकवत नाही!"

"मग आरशात बघ!"

"बघतेय. आरशात तुमचंच तोंड दिसतंय!"

तळ्याकाठी उतरल्यावर मास्तरांनी आधी हेल्मेट काढून घाम पुसला. पण थर्मासमधला चहा पिताना ते म्हणाले, "तिसऱ्या वळणाला गिअर बरोबर टाकलास." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी ताईंच्या कुठल्याही गोष्टीला बरोबर म्हटल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. ताई इतक्या खूश झाल्या की परतताना नको तिथेही गिअर टाकत आल्या. त्यानंतर रविवार ठरूनच गेला. टकटक कमी कमी होत गेली आणि एक दिवस बंद झाली, हे ताईंच्या लक्षातही आलं नाही.

इकडे पत्र्याच्या डब्यात पार्ट जमत होते. उन्हाळ्यात डांबर मऊ झालं आणि दुकानासमोर उभी केलेली मोटरसायकल स्टँड रुतून सावकाश आडवी झाली. ताईंच्या डोळ्यांदेखत. त्या काउंटरवरून उडी मारून धावल्या, पण तोवर क्लचचा लिव्हर वाकला होता, इंडिकेटर फुटला होता आणि बाजूच्या लाल प्लास्टिकला हातभर तडा गेला होता. चेनभाऊनं त्या प्लास्टिकच्या पॅनलचा भाव सांगितला. तेवढ्या पैशात कारचा अख्खा बंपर येतो, रंगासकट.

"कागदासारखं आहे रे हे! फुंकर मारली तर उडेल!"

"उडणारच. म्हणून तर महाग आहे," चेनभाऊ गंभीरपणे म्हणाला आणि पुन्हा हसत सुटला.

ताईंनी पॅनल घेतलं नाही. तडा गेलेलं पॅनल घरी नेलं, कडेकडेनं बारीक भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेनं ते शिवून काढलं, उशीचा अभ्रा शिवतात तसं. लाल रंगावर तांब्याचे टाके असे काही खुलून दिसले की दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक विचारायला आलं, ही डिझाइन कुठं करून मिळते म्हणून.

मग मागच्या चाकाचं बेअरिंग वाजायला लागलं. चेनभाऊनं कंपनीच्या खोक्यातलं बेअरिंग काढलं, भाव सांगितला, आणि ताई नेहमीसारख्या 'अरे, पण वजन बघ' म्हणणार एवढ्यात त्यांना कडेवर कोरलेला नंबर दिसला. त्या थबकल्या. तो नंबर त्यांनी कुठंतरी पाहिला होता. कुठं म्हणजे काय, रोजच पाहत होत्या! कारच्या अल्टरनेटरमध्ये, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या त्या यंत्रात, नेमकं त्याच नंबरचं बेअरिंग असतं. त्या धावत रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेल्या, दुसऱ्या कप्प्यातून पुडी काढली आणि पुन्हा धावत आल्या. दोन बेअरिंगं शेजारी ठेवली. जुळी भावंडं. भाव मात्र पाचपट कमी.

"कारचं आहे म्हणून स्वस्त!" ताई भर गल्लीत ओरडल्या. "मोटरसायकलचं म्हणून महाग! अरे लबाडांनो!"

त्यांनी मालकांना हाताला धरून गर्रकन एक फेरी मारायला लावली. मालकांना कारण कळलं नाही, पण बेअरिंग विकलं गेलं म्हणून तेही हसले.

असं करत वर्ष सरत आलं. मागचा टायर बदलून झाला होता. कारचा टायर तेवढ्याच पैशात चौपट चालतो, हे ताईंनी चेनभाऊला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तो आता त्यांच्या आधीच ते म्हणायचा. पण शिवलेलं पॅनल आणि ते बेअरिंग या दोन गोष्टींनी हात दिला होता. मनातल्या मनात धरलेला हिशेब काठावर होता, अगदी काठावर, पण ताईंच्या बाजूनं. वर्ष संपायला दोन रविवार उरले होते.

आणि चेन कुरकुरायला लागली.

ताईंनी गाडी उभी करून मागच्या चक्रावरची चेन बोटानं ओढून पाहिली. ती चक्रापासून सुटून वर आली. चक्राचे दात एका बाजूला झुकले होते, समुद्राच्या लाटांसारखे. चेन आणि दोन्ही चक्रं मिळून अख्खा सेट बदलायला हवा होता. चेनभाऊनं सेट काढून काउंटरवर ठेवला. त्यानं भाव सांगायच्या आधीच ताईंना कळलं की आपण हरलो.

"ताई, तुमची अट सगळ्या गल्लीला माहीत आहे," चेनभाऊ आवाज खाली आणून म्हणाला. या खेपेला तो हसत नव्हता. "दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. ग्रीस लावून देतो. जपून चालवा. वर्ष उलटलं की बदलू. कोण बघायला येतंय?"

ताईंनी वळून बाहेर पाहिलं. लाल मोटरसायकल उन्हात चमकत होती आणि तिच्या कुशीवर तांब्याचे टाके होते. ती आता जाणार. उरलेलं आयुष्य पुन्हा शेजारच्या सीटवर झोपण्यात काढायचं. ग्रीस लावलं असतं तर चेन बहुधा निभावलीही असती. पण बहुधा. आणि रविवारी मागे मास्तर बसणार होते, सरळ रस्ता पाहून आता अगदी निर्धास्त झालेले, वेडेवाकडे पाय दाबणंही विसरलेले.

"दे तो सेट," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी चहाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. पॅड, वाकलेला लिव्हर, फुटका इंडिकेटर, बेअरिंग आणि सगळ्यात वर ती चेन. एकेक वस्तू उचलून त्यांनी लेकीला भाव सांगितला, डब्यात न मावलेल्या टायरचाही. लेकीनं बेरीज केली, पुन्हा केली, आणि ओठ चावत म्हणाली, "आई, चेनचेच तेवढे जास्त होतायत गं."

"मग हरले," ताई म्हणाल्या. "वजनावर बोलले आणि तोंडघशी पडले. शब्द म्हणजे शब्द. जाहिरात दे."

मास्तर तिथंच होते. त्यांनी ती झिजलेली चेन उचलली, दात गेलेलं चक्र उजेडात धरून पाहिलं. "हे दोन आठवडे चाललं असतं," ते म्हणाले.

"चाललं असतं."

मास्तरांनी चेन वर्तमानपत्रावर परत ठेवली. ताईंना वाटलं, जिंकलेत, म्हणून गप्प आहेत. बरं झालं, टोमणा तरी नाही मारला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. बँकेत नुकताच लागलेला एक तरुण, हातात कोरं हेल्मेट, डोळ्यांत ताईंच्या डोळ्यांत वर्षापूर्वी होती तीच चमक. ताईंनी किल्ली लावून आवाज ऐकवला. तो भारावून गेला. किमतीबद्दल तो घासाघीसही करेना. ताईंचं काळीज तीळतीळ तुटत होतं, पण त्या कागद आणायला आत वळल्या. तेवढ्यात मास्तर खुर्ची घेऊन बाहेर आले आणि ऐसपैस बसले.

"घ्या, घ्या, छान गाडी आहे," ते म्हणाले. "ब्रेक पॅडची किंमत माहीत आहे ना?"

"साधारण असेल ना काहीतरी, काका?"

मास्तरांनी सांगितली. तरुणानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"एका चाकाची. आता हे प्लास्टिक बघा. तारेनं शिवलंय, दिसतंय? हिनं काही खुशीनं शिवलं नाही. नवीन घ्यायचं तर तेवढ्या पैशात कारचा बंपर येतो, रंगासकट. मागचा टायर वर्षाला एक धरा. कारचा तेवढ्याच पैशात चौपट चालतो. क्लचच्या प्लेटा अजून बदललेल्या नाहीत, म्हणजे तो मान तुमचा. त्यांचा भाव मी चेनभाऊच्या दुकानात विचारून आलोय, सांगू का?"

"बाबा!" दारातून लेक ओरडली.

"खोटं बोलतोय का मी? तुझी आई साक्षीला आहे. बोल गं, यातला एक तरी आकडा चुकलाय?"

ताई कागद हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. आकडा एकही चुकला नव्हता. वर्षभर त्या घरी येऊन जे जे करवादत होत्या, ते सगळं मास्तरांना पैन् पै पाठ होतं.

"म्हणजे काका, यापेक्षा कार परवडेल म्हणता?" तरुणानं हळूच विचारलं.

"पार्टच्या बाबतीत? डोळे मिटून. चालवता येते का?"

"नाही."

"उद्या सकाळी या. चौकात पाटी आहे, ड्रायव्हिंग स्कूलची."

तरुण आभार मानून, खरोखर आभार मानून, निघून गेला. कोपऱ्यावर त्यानं एकदाच वळून लाल गाडीकडे पाहिलं. ताई पायऱ्या उतरून मास्तरांसमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय? हरले ना मी? मग विकू द्या की! मला कुणाची भीक नको."

"हरलीस. बरोबर. म्हणजे जिंकलं कोण?"

"तुम्ही."

"मग हरलेल्यानं जिंकलेल्याचं ऐकायचं. मी म्हणतो, नाही विकायची."

"अहो, पण का?"

मास्तर खुर्चीतून उठले. त्यांनी उगाचच पुढचा टायर बोटानं दाबून पाहिला, आरसा होता तिथेच पुन्हा सरळ केला. जन्मभर दुसऱ्यांना सूचना देणाऱ्या माणसाला स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की किती वेळ लागतो!

"इतकी वर्षं कारमध्ये शेजारी बसलीस," ते टायरकडे बघत म्हणाले. "आपल्या दोघांच्या मध्ये तो गिअरचा दांडा असायचा. आणि तू झोपलेली. आता मागे बसतो, चारचौघांत तुझ्या खांद्यावर हात ठेवून बसतो, आणि कुणी काही म्हणत नाही. या वयात मला दुसरं कुठलं निमित्त मिळणार आहे?"

लेक आत गेली. स्वयंपाकघरात काहीतरी राहिलं असावं.

ताईंना हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. काउंटरवर कुणाला उत्तरासाठी कधी ताटकळत न ठेवलेली ती बाई भर उन्हात हातातल्या कागदांची घडी घालत होती, उघडत होती, पुन्हा घालत होती. शेवटी त्यांनी मास्तरांचं हेल्मेट उचलून त्यांच्या हातात दिलं आणि किल्ली फिरवली.

मास्तर मागे बसले, नीट सरकून बसले. "चेन नवीन आहे ना?" त्यांनी विचारलं.

"परवाच बसवली. चक्रांसकट."

"मग जरा लांबच जाऊ," मास्तर म्हणाले.